सर्वात वरचे कोर्ट आणि आपण

(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण. स्मरणिकेकरिता लिहून काढले आहे.)



कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय दिला आहे तो वकिलाला शोभेल असा आहे. निरनिराळ्या देशांतील सर्वोच्च न्यायालये आणि त्यांचे कार्य. आम्ही वकील नाही. गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, पाळी सुटल्यावर वाचनालयात बसलो, ६ डिसेंबरला दादरला पुस्तकांच्या स्टॉलवरून पिशवीभर पुस्तके आणली, ती वाचली. तेवढ्या भांडवलावर बोलणार आहोत. तरीही विषय टाळला नाही, त्याला कारण आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध एक असा निकाल दिला की, राज्य सरकारांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल. त्या रात्री आपल्या चाळीच्या गॅलरीत काय वाद झाले ते तुम्हाला आठवत असेल. निकाल बरोबर की चूक यावर तर झालेच, पण एक पोरगा म्हणाला, सुप्रीम कोर्टाने सांगितले, आता वर कोण आहे, विषय संपला. दुसरा म्हणाला, कोर्ट कोण लागून गेले, आपण मानतच नाही. आम्हाला दोघांचेही म्हणणे अर्धवट वाटले. पहिल्याला माहीत नव्हते की, २००४ साली याच कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी बरोबर याच्या उलट निकाल दिला होता. म्हणजे 'विषय संपला' असे तेव्हाही लोक म्हणालेच असतील. आणि दुसऱ्याला काय सांगावे? कोर्ट न मानणे आपल्याला परवडणारे नाही, ते का, हेच आज सांगावयाचे आहे.

गिरणीवाल्यांना शिडी समजते. तक्रार असली की आधी जॉबर, मग खात्याचा मास्तर, मग मॅनेजर. तिथे नाही भागले तर १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली लेबर कोर्ट, त्याच्यावर इंडस्ट्रियल कोर्ट, मग फोर्टातले हायकोर्ट आणि शेवटी दिल्ली. प्रत्येक पायरीला वेळ, पैसा आणि वकील. मालकाकडे तिन्ही असतात. शिडीच्या टोकाला जो बसला आहे त्याला अधिकार काय, तो तिथे आला कसा आणि आपला हात तिथवर पोचतो का, एवढे तीन प्रश्न कुठल्याही देशाला विचारा, तिथल्या कोर्टाची कुंडली कळते.

आपल्या घरचे उदाहरण आधी घेऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे लहान मुलालाही पाठ आहे. पण पुढे दहा वर्षे तो लढा कोर्टात चालला, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यामागचा ठराव सीताराम केशव बोले यांचा, १९२३ सालचा. कामगारांचे पुढारी होते ते. दादरच्या ज्या बोले रोडवरून आपण जा-ये करतो तो त्यांच्याच नावाचा. कायदे कौन्सिलने ठराव केला की, सरकारी खर्चाच्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेने त्यावर तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद झाला, पाणी नाही. सत्याग्रहानंतर सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी दावा लावला आणि मनाई हुकूम आणला. दाव्यात प्रतिवादी कोण, तर भीमराव रामजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी.

दावा महाडच्या कोर्टात हरले, ठाण्याला अपिलात हरले, मग मुंबई हायकोर्टात आले. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला आणि बाबासाहेब जिंकले. (हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच.) आपण भाषणांत इथेच टाळ्या वाजवून थांबतो. पण निकाल कशावर लागला ते नीट बघा. वादी म्हणत होते की, अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची आमची रूढी अनादि काळापासूनची आहे. कोर्ट म्हणाले, तळे नगरपालिकेचे आहे आणि रूढी अनादि काळापासूनची असल्याचे तुम्ही सिद्ध केलेले नाही. संपले. ती रूढी अन्यायाची आहे की नाही, या प्रश्नात शिरण्याची कोर्टाला गरजच पडली नाही. म्हणजे उद्या कोणी जुने दप्तर काढून तशी रूढी सिद्ध केली असती तर? तेव्हाच्या कायद्यात अस्पृश्यता हा गुन्हा कुठे लिहिलाच नव्हता. कोर्ट वाचणार ते लिहिलेले.

आम्हाला वाटते, बाबासाहेबांसारख्या बॅरिस्टरच्या हे ध्यानात आले नसेल असे होणे नाही. संविधान हातात आले तेव्हा कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाली, आणि कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते हे शब्दच घातले गेले. एवढ्या मोठ्या देशाच्या संविधानात तलाव आणि घाट हे शब्द कशाला, असे कोणी विचारले तर त्याला महाडला पाठवा.

त्या काळी हायकोर्टाच्याही वर लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती. आपल्या कोकणातल्या वाटणीचे भांडणसुद्धा पैसेवाल्याने नेले तर तिथे जाऊन सुटायचे. १९३७ मध्ये दिल्लीला फेडरल कोर्ट आले, पण शेवटचा शब्द लंडनचाच राहिला. १९४९ साली संविधान सभेने कायदा करून तो धागा तोडला, आणि जानेवारी १९५० मध्ये आपले सुप्रीम कोर्ट सुरू झाले. मॉरिशसला आपली मराठी मंडळी पिढ्यानपिढ्या राहतात. तो देश १९६८ साली स्वतंत्र झाला, पण तिथले शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जाते.

खुद्द इंग्लंडची तऱ्हा और आहे. तिथे २००९ पर्यंत वेगळे सुप्रीम कोर्टच नव्हते, पार्लमेंटच्या लॉर्ड्स सभागृहातले कायदेपंडित न्यायमूर्ती तेच शेवटचे कोर्ट. आता कोर्ट वेगळे झाले, तरी पार्लमेंटने केलेला कायदा ते रद्द करू शकत नाही. फार तर म्हणेल, हा कायदा मानवी हक्कांशी जुळत नाही, तुम्ही बघा. त्यांच्याकडे एका पुस्तकात बांधलेले संविधान नाही, पार्लमेंट हेच सर्वोच्च. ज्यांचे नेहमीच बहुमत असते त्यांना हे ठीक आहे. आपल्यासारख्यांना, ज्यांची मते विखुरलेली, त्यांना ही व्यवस्था किती महागात पडली असती याचा विचार करा.

अमेरिकेत उलट. तिथे कोर्ट कायदा रद्द करू शकते. हा अधिकार त्यांच्या घटनेत स्पष्ट लिहिलेला नाही, १८०३ साली त्यांचे मुख्य न्यायमूर्ती जॉन मार्शल यांनी तो निकालातून काढला. नऊ न्यायमूर्ती, राष्ट्राध्यक्ष नेमणार, सिनेट संमती देणार आणि नेमणूक तहहयात. एवढ्या ताकदवान कोर्टाने केले काय? १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाचा गुलाम स्वातंत्र्य मागायला गेला, तर कोर्ट म्हणाले काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही. तो निकाल पुसायला यादवी युद्ध आणि त्यामागून घटनादुरुस्त्या लागल्या. १८६५ ला गुलामगिरी गेली, १८६८ ला नागरिकत्व आणि कायद्यापुढे समानता आली. बरे, घटनेत समानता लिहिली गेली तरी १८९६ साली त्याच कोर्टाने आगगाडीच्या डब्याच्या खटल्यात सांगितले की, काळ्यांना वेगळा डबा दिला तरी समानतेला बाधा येत नाही. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात गेले. वेगळ्या शाळा, वेगळे बाकडे, पाण्याचे वेगळे नळ. आपल्याला ओळखीचे वाटते ना? बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले तेव्हा त्या देशात हाच कायदा चालू होता. तो मोडला १७ मे १९५४ ला, शाळांच्या खटल्यात, नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने. मधली ५८ वर्षे काळ्या लोकांच्या संघटनेने आपले वकील घडवले, एकेक खटला निवडून लढवला. शाळांचा खटला चालवणारे थर्गुड मार्शल १९६७ साली त्याच कोर्टात न्यायमूर्ती म्हणून बसले. आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी हे खास वाचावे. घोषणा देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, फाईल सांभाळणारे कमी.

जर्मनीचे थोडक्यात सांगतो. हिटलरच्या अनुभवानंतर त्यांनी १९५१ पासून कार्ल्सरुहे गावी घटनेसाठी वेगळे कोर्ट काढले. इतर खटल्यांची शेवटची कोर्टे वेगळी, आणि कामगारांच्या भांडणांचे शेवटचे कोर्ट तर स्वतंत्र, एर्फुर्ट शहरात. घटना कोर्टात १६ न्यायमूर्ती, त्यांना संसदेची दोन सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी निवडतात, मुदत १२ वर्षे, पुन्हा नाही. आणि कोणीही साधा माणूस आपला मूलभूत हक्क मोडला म्हणून तिथे अर्ज करू शकतो, फी नाही, अर्जाला वकीलही लागत नाही. मंजूर फार थोडे होतात हे खरे. पण दार उघडे आहे.

आपल्याकडे ते दार म्हणजे कलम ३२. हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाता येते, आणि तसे जाणे हाच एक मूलभूत हक्क आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत याच कलमाला घटनेचा आत्मा, तिचे हृदय म्हटले. कोर्ट न मानून चालणार नाही असे आम्ही वर म्हटले, ते यासाठी. हे दार आपल्यासाठी पाडून घेतलेले आहे. त्याच्यावर राग धरून पाठ फिरवली तर आत फक्त पैसेवाले राहतील.

पण दार उघडे असले तरी आतला निकाल आपल्या बाजूचा असेलच असे नाही. याचे सर्वात जवळचे उदाहरण आपल्या धम्माचेच आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिले होते की, हिंदूखेरीज दुसरा धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ सालीच त्यात शीख घातले गेले, बौद्ध नाही. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांच्याविरुद्ध अर्ज झाला की, हे बौद्ध झाले आहेत, यांना राखीव जागा लढवता येत नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९६४ साली निकाल लागला. संविधानाच्या कलम २५ मध्ये हिंदू शब्दात बौद्धही धरले आहेत, तसे इथे धरा, असा युक्तिवाद होता. कोर्ट म्हणाले नाही, ते त्या कलमापुरते, आदेशातला हिंदू शब्द साध्या अर्थाचा. आणि एखाद्याने चारचौघांत जाहीर केले की मी हिंदू धर्म सोडला व बौद्ध झालो, तर तेवढे पुरे, त्याचे धर्मांतर किती पक्के हे तपासत बसायचे कारण नाही. निवडणूक रद्द.

गंमत बघा. देशाच्या सर्वात वरच्या कोर्टाने आपल्या दीक्षेवर खरेपणाचा शिक्का मारला, तुम्ही आता हिंदू नाही असे सांगितले, आणि त्याच वाक्याने हातातली जागाही काढून घेतली. जात मात्र गावात कोणी काढून घेतली नाही, ती होती तिथेच.

त्यानंतर घराघरात काय झाले ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. महाराष्ट्र राज्याने आपल्या हातातल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, परंतु केंद्राच्या नोकरीला, रेल्वेत, पोस्टात अर्ज करायचा तर दाखल्यावर काय लिहायचे, हा प्रश्न उभा राही. मनाने बौद्ध आणि कागदावर हिंदू महार, अशी कुचंबणा एका सबंध पिढीने सोसली. निकाल कायद्याला धरून चूक होता असे आम्ही म्हणत नाही. आदेशात लिहिलेच तसे होते. मग करायचे काय? लिहिलेले बदलायचे. मोर्चे निघाले, निवेदने गेली, खासदारांनी प्रश्न विचारले, आणि १९९० साली संसदेने कायदा करून हिंदू, शीख यांच्या पुढे बौद्ध हा शब्द घातला. १९६४ ते १९९०, म्हणजे २६ वर्षे. आज आपल्या मुलाच्या दाखल्यावर जे लिहिता येते ते कोर्टात हरल्यावर मिळालेले आहे.

दुसरे उदाहरण ताजे आहे. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. गुन्हा नोंदवण्यापूर्वी चौकशी, अटकेपूर्वी वरिष्ठांची परवानगी. तारीख बघा, चवदार तळ्याची. २ एप्रिलला भारत बंद झाला, उत्तरेकडे माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात १८-अ कलम घातले, १ ऑक्टोबर २०१९ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते आदेश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० ला नवे कलमही वैध ठरवले. या वेळी २६ वर्षे लागली नाहीत, दोन लागली.

आता जे आम्हाला सलते ते. लालबाग-परळच्या गिरण्यांची जमीन, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता की, गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळ मानाने तीन वाटे करा. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली सरकारने नियम बदलला. वाटे सगळ्या जमिनीचे नाहीत, फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेचे. गिरणी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको, आत मोकळे ते किती? सगळीकडे शेड. पर्यावरणवाल्या मंडळींनी याचिका केली, ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पाच महिन्यांत, ७ मार्च २००६ ला, सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि २००१ चा नियम कायम केला. पुढे टॉवर कसे उभे राहिले ते आपण चाळीच्या खिडकीतून बघितले. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली.

इथे आम्ही कोर्टापेक्षा आपल्या सगळ्यांना जास्त बोल लावतो. ॲट्रॉसिटीच्या वेळी जो समाज एका हाकेला रस्त्यावर आला, तो या निकालाच्या दिवशी कुठे होता? नियम सरकारने बदलला होता, कोर्टाने तो फक्त कायम केला. सरकारवर दाब आणला असता तर सरकारला तो पुन्हा बदलता येत होता. पण संप मोडून २०-२२ वर्षे झालेली, अर्धे लोक गावाला, अर्धे डोंबिवली-विरारच्या पुढे. युनियन एकीकडे, समाजाच्या संघटना दुसरीकडे, आणि जमिनीचा प्रश्न कोणाचाच नाही.

फुटपाथवाल्यांचे तेच. १९८१ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना हुसकायला घेतले, १० जुलै १९८५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितले की, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. जगभर गाजलेला निकाल. पण शेवट काय, तर पावसाळा संपेपर्यंत थांबा, मग हटवा. दक्षिण आफ्रिकेतही असेच घडले. तिथले घटना कोर्ट जोहान्सबर्गच्या जुन्या तुरुंगाच्या आवारात उभे आहे, जिथे गांधीजी आणि मंडेला दोघेही कैदेत होते. त्या कोर्टाने २००० साली आयरीन ग्रूटबूम या बेघर बाईच्या दाव्यात बेघरांची सोय करणे सरकारवर बंधनकारक आहे असा निकाल दिला. कायद्याच्या पुस्तकात तिचे नाव अमर झाले. २००८ साली ती वारली तेव्हा तिला पक्के घर मिळालेले नव्हते.

न्यायमूर्ती कोण नेमतो, हे राहिले. २४ मे १९४९ ला संविधान सभेत कोणी सुचवले की, सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय नेमणूक नको. बाबासाहेबांनी ते मानले नाही. सरन्यायाधीशही माणूसच, त्यालाही माणसाचे गुणदोष, एकट्याच्या हाती नकाराधिकार देणे धोक्याचे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून घटनेत सल्लामसलत हा शब्द आला. १९९३ साली कोर्टानेच त्या शब्दाचा अर्थ असा लावला की, नेमणुकीचा मुख्य अधिकार वरिष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे, म्हणजे कॉलेजियमकडे आला. आमच्या मते ही सुताने स्वर्गाला जाण्याची तऱ्हा झाली. पण मंत्र्यांच्या हाती सगळे द्यावे असेही म्हणवत नाही. मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात अमरावतीचे भूषण गवई हे देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश होते. आपण पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. परंतु २०२४ च्या त्या उपवर्गीकरणाच्या पीठावर तेही होते, आणि अनुसूचित जातींतही क्रीमी लेयर लावावा असे त्यांनी लिहिले. खुर्चीवर आपला माणूस असला म्हणजे निकाल आपल्या मनासारखा येणार, ही अपेक्षा न्यायमूर्तीकडून करू नये. तशी अपेक्षा दुसऱ्यांनी केली की आपण तिला काय म्हणतो?

शेवटी कामाचे बोलतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही बाईला आणि कारखान्यातल्या कामगाराला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, खालच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत. फोर्टात सिटी सिव्हिल कोर्टात जाऊन चौकशी करा, लाजू नका. २०२३ पासून सुप्रीम कोर्टाचे काही निकाल मराठीतही मिळू लागले आहेत. मोबाईलवर दिसतात, पोरांना काढून द्यायला सांगा. उपवर्गीकरणाचा निकाल पाचशेच्या वर पानांचा आहे. गॅलरीत भांडलेल्या त्या दोन्ही पोरांना आम्ही बोलावले आहे. दर रविवारी वंदनेनंतर विहारात दहा-दहा पाने वाचणार आहोत. ज्यांना इंग्रजी येते त्या मुलामुलींनी वही घेऊन यावे.

जयभीम.